माझ्या हातची विभूती

ही हकीकत मी कित्येक वर्षं टाळली. कुणी विचारलं तर "प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, बरा झालो," एवढंच सांगायचो. ते खरं आहे. उरलेलं आता लिहितो.

नळदुर्गात माझी आडत. ताप आला की मी मेडिकलमधून मनानंच गोळ्या आणायचो, बरं वाटलं की अर्ध्यावर सोडायचो, उरलेल्या हमालांना वाटायचो. मूर्खाला वैद्यकीची पदवी लागत नाही.

प्रोस्टेट वाढून लघवी अडली तेव्हा कॅथेटर, म्हणजे नळी, घालून मला दवाखान्यात ठेवलं. तिथं स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीनं गुदद्वारातला नमुना, घेतला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आप्पा, तुमच्या आतड्यात दोन जंतूंनी ठाण मांडलंय. दोन्ही बहुतेक औषधांना दाद देत नाहीत. याला कोलोनायझेशन म्हणतात. जंतूंची वस्ती आहे, पण तुम्हाला त्यांचा आजार नाही. ज्याला उघडी जखम आहे, त्याच्या मात्र ते जिवावर बेततील. कुणाला हात लावू नका. हात धूत राहा."

मी "आजार नाही" एवढंच ऐकलं.

माझी खाट कोपऱ्यात नेली, वर पिवळी पाटी लावली. सिस्टर हातमोजे घालून मला शिवायची. माझा जळफळाट व्हायचा. मोठे सर्जन मात्र या खाटेवरून त्या खाटेकडं हात न धुता तसेच जायचे. हात धुण्याच्या औषधाची बाटली भिंतीवर रिकामी. मला वाटलं, सगळं ढोंग. ढोंग होतंच, पण जंतू खरे होते.

शेजारी तेरखेड्याचा दत्तू होता. फटाक्याची दारू पेटून दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. अशा माणसाला माझ्याशेजारी ठेवणाऱ्यांच्या अकलेचं काय सांगावं? जागा नव्हती म्हणे.

त्याच्या बायकोनं, सुनंदानं, एकदा विचारलं, "आप्पा, तुमच्याजवळ येऊ नका म्हंत्यात सिस्टर. काय झालंय वो?"

"काय न्हाय गं," मी म्हणालो. "म्हाताऱ्या माणसाची शिवाशिव पाळत्यात."

"आमी न्हाय पाळत असलं," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती चहाला गेली की दत्तूला मी भाकरीचा घास भरवू लागलो.

सकाळी खाटेवरच लिंगपूजा उरकून मी स्वतःला विभूती लावायचो, मग दत्तूला. तो हसायचा, "आप्पा, फटाक्याच्या राखंपरीस ही राख बरी." त्याची पट्टी सरकली तर तीही मीच नीट करायचो. त्याच हातानं आधी लघवीची पिशवी सरळ केलेली असायची. मधे ना पाणी, ना साबण. पूजेचा हात कसा विटाळेल? अशी ही माझी अक्कल, आणि हिच्या जोरावर मी गावात पंच म्हणून बसायचो.

दत्तूला हुडहुडी भरली. त्याच्या जखमेत तेच दोन जंतू सापडले. मग ते रक्तात उतरले. औषधांमागून औषधं बदलली. एकही चाललं नाही. दत्तू गेला.

"कुणाकडून आले हे छातीठोक सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याच्या आडोशाला मी इतकी वर्षं लपून बसलो. माझी नळी निघाली, ऑपरेशनची जखम भरली, मी चालत घरी आलो.

तुमच्या खाटेवर अशी पाटी लागली तर अपमान मानू नका. दवाखान्याचा ढिसाळपणा दिसला तर भांडा, पण हात धुऊन भांडा. आणि रोग्याला भेटायला येऊन प्रत्येक खाटेवर हात फिरवणाऱ्या मायाळू गर्दीला दारातूनच परत पाठवा. तसली माया मी केलेली आहे.

पुढं मी तेरखेड्याला गेलो. 'सुनंदा, पाटी माझ्या जंतूंची होती, मी तुला खोटं सांगितलं,' हे एसटीत घोकत गेलो. तिनं मला पाटावर बसवलं आणि जावेला हाक मारली. "हेच ते आप्पा. आमच्या ह्यांना शेवटपतुर घास भरवला तो आप्पांनीच. सख्खं कुणी करत न्हाय एवढं."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती माझ्यासमोर वाकली, डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं. "लावा, आप्पा. तुमच्या हातची."

माझा हात खिशातल्या डबीकडं गेला. मी विभूती लावली. घोकलेलं वाक्य तसंच परत घेऊन आलो.