अंकलना घरी जायचं होतं

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी; त्यांच्या लोकांत माणूस गेला की त्याचं नाव घेत नाहीत, आणि ही एक गोष्ट तरी मी नीट पाळावी असं वाटतं. टूरवर येणारे सगळे त्यांना अंकल म्हणत. मीही तेच म्हणायचो.

मी कुशल मेहेंदळे. पुण्याहून मेलबर्नमधल्या क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकायला आलो. पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, हवा तर शहराबाहेर नोकरी कर, असं एजंट म्हणाला, म्हणून साउथ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका गावात टूरची बस चालवायला लागलो. बावीस सीटची बस, मी ड्रायव्हर, अंकल गाइड. दोन वर्षांसाठी गेलेला मी नऊ वर्षं राहिलो, ते त्यांच्यामुळेच.

तेव्हा ते साठीचे असतील. उंच, काटक, डोक्यावर घामाने काळी पडलेली हॅट. जन्म आमची टूर जे खडक दाखवायला जायची, त्यांच्याजवळच्याच एका गुरांच्या फार्मवर. वडील तिथे गुरं हाकायचे, आणि बाराव्या वर्षापासून अंकलही घोड्यावर. फार्म विकला गेला तेव्हा त्यांच्या सगळ्या घरांना उठवून गावात आणून टाकलं. पुढे तीस वर्षांनी टूर कंपनीने त्यांना त्यांचीच जमीन दाखवायला पगारावर ठेवलं. हे ते हसत सांगायचे. त्यात हसण्यासारखं काय, ते मला कळायचं नाही. पुढे लक्षात आलं, तसं काही नव्हतंच.

डांबर संपलं की चाकं वाळूत रुतू नयेत म्हणून मी उतरून टायरमधली हवा कमी करायचो. तोवर अंकल मूठभर माती घेऊन समोर टाकायचे आणि खडकांकडे तोंड करून त्यांच्या भाषेत मोठ्याने बोलायचे. आम्ही येतोय, बरोबर पाहुणे आहेत, असं काहीतरी.

खडक चार. वाऱ्याने खाऊन खाऊन पोकळ केलेले, तांबडे, एकेक चार मजली इमारतीएवढा. तिघांच्या गोष्टी ते सांगायचे, लहान मुलांना सांगतात तशा. चौथ्यापाशी बस थांबायची नाही. एकदा मेलबर्नच्या पॉइंट कुकहून आलेल्या चित्रलेखाताईंनी विचारलंच, "याची गोष्ट नाही का?"

"आहे ना," अंकल म्हणाले. "चालत चालत सांगायची असते. चार दिवस लागतात. पण ती तुमच्यासाठी नाही."

"असं कसं? टूर आहे ना ही?" ताई मला मराठीत म्हणाल्या. मी आरशात बघून नुसता हसलो.

ती गोष्ट अंकलना त्यांच्या मामाने दिली होती, आणि ते ती बहिणीच्या मुलाला देत होते. त्या पट्ट्यात ती माहीत असलेला दुसरा कुणी उरला नव्हता. भाचा तिशीतला, खाणीवर कामाला. सुट्टीत यायचा, दोघं पाण्याचे कॅन घेऊन निघायचे. दोन दिवसांची वाट झाली होती, दोन दिवसांची राहिली होती. त्या हिवाळ्यात हायवेवर त्याची गाडी ट्रकवर आदळली आणि तो गेला.

अंकल दीड महिना कामावर आले नाहीत. आले ते अंगाने निम्मे होऊन. एका सकाळी बसच्या पायरीवर चहा पीत बसले होते. मी धीर करून विचारलं, "अंकल, मी रेकॉर्ड करून ठेवू का? कुणाला ऐकवणार नाही. निदान राहील तरी."

"तू चांगला माणूस आहेस, कुशल."

"मग?"

"मग काही नाही. माणूस चांगला आहे म्हणून देत नाहीत. ज्याची त्यालाच देतात."

"आणि तोच नसला तर?"

त्यांनी उरलेला चहा वाळूत ओतला. "चल. लोक खोळंबलेत."

पुढच्या वर्षी त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस हवं, आणि आसपास कुठेच जागा नव्हती. त्यांना ॲडलेडला पाठवलं, नऊ तासांच्या रस्त्यावर. तिथे हॉस्टेलची एक खोली, खिडकीतून कार पार्क दिसायचा. मी महिन्यातून एकदा जायचो. ते गावचं विचारायचे: पाऊस झाला का, ट्रॅक धुपला का, बसमध्ये लोक असतात का. नंतर विचारायचेही बंद झाले.

ऑक्टोबरमध्ये म्हणाले, "मला घरी ने."

"डॉक्टर सोडतील?"

"शुक्रवारी मशीन झालं की सोमवारपर्यंत मोकळा असतो मी. शनिवारी नेलंस, रविवारी आणलंस. एकदा उभं राहायचंय तिथे."

मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, इतका लांबचा प्रवास, वाटेत काही झालं तर जबाबदारी कुणाची? नाही असं ती म्हणाली नव्हती. पण मला तेवढं पुरलं. शिवाय लाँग वीकेंड होता, बस भरलेली होती. मी अंकलना म्हटलं, "पुढच्या महिन्यात नक्की नेतो."

"नो वरीज," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

पुढच्या महिन्याच्या चार तारखेला, मशीनवर असतानाच, ते गेले.

त्यांना गावी आणलं. नऊ तासांचा तोच रस्ता, मी शववाहिनीच्या मागे गाडी चालवत होतो. वाटेत कुठेही काही झालं नाही. ऊन स्वच्छ होतं, रस्ता रिकामा. इतकं सोपं होतं.

दफन झाल्यावर त्यांची बहीण, त्या भाच्याची आई, माझ्याजवळ आली. चष्म्याच्या काचेवर धूळ होती, ती तिने पुसली नाही.

"त्याने तुला विचारलं होतं ना?"

"हो."

"मलाही विचारलं होतं," ती म्हणाली. "मला गाडी चालवता येत नाही."

मी काहीतरी सॉरी वगैरे म्हणालो. ती रागावली नाही. मग बायकांत जाऊन बसली.

कंपनीने टूर बंद केली नाही. अंकलच्या तीन गोष्टी शहरातल्या एका नटाकडून वाचून घेतल्या आणि बसच्या स्पीकरवर लावल्या. आवाज छान आहे. टायरमधली हवा मी पूर्वीसारखीच कमी करायचो, पण खडकांना कुणी काही सांगायचं नाही. आम्ही तसेच घुसायचो. लोक उतरायचे, फोटो काढायचे, पाणी प्यायचे.

दोन महिने केलं मी ते. मग चाव्या ऑफिसात ठेवल्या आणि मेलबर्नला परतलो. आता पॉइंट कुकला शाळेची बस चालवतो. अंकलच्या बहिणीला दोनदा फोन केला. तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा करावा असं मला वाटत नाही.