अंबाबाईंचे तारीख घातलेले तुकडे

म्हैसूरच्या अग्रहार पेठेतली मराठी रंगाऱ्यांची घरं आता नावालाच रंगाऱ्यांची उरली आहेत. कुणी विमा विकतो, कुणी मोबाईल दुरुस्त करतो. अंबाबाईंच्या सासऱ्यांचे, रणोजीरावांचे, रंगाचे हौद कधीच बुजले. पण त्यांची एक शिस्त या सुनेच्या हाडीमासी मुरली होती. हौदातून निघालेल्या दर खेपेच्या कापडाचा वीतभर तुकडा कापायचा, तारीख घालायची आणि तारेला टाचायचा. गिऱ्हाईक रंगावरून भांडायला आलं की रणोजीराव तोंड उघडत नसत, तुकडा काढून समोर धरत.

नात तुळसी टायफॉइडने एकवीस दिवस अंथरुणाला खिळली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलंय. अंबाबाई पाणीखात्याच्या कचेरीत गेल्या. तिथे उत्तर तयारच होतं. तुमच्या गल्लीतलं पाणी रोज तपासतो, अगदी स्वच्छ आहे!

बाई गरीब स्वभावाच्या, पण खोटं पचवणाऱ्या नव्हेत. दुसऱ्या दिवसापासून त्या नळाच्या तोंडाला पांढऱ्या मलमलीचा तुकडा बांधू लागल्या. पाणी गेलं की तो वाळवायचा आणि तारीख घालायची. नळ आलाच नाही तर कोऱ्या तुकड्यावर तारीख घालून खाली 'पाणी नाही' असं लिहायचं.

"अय्यो, सुम्ने, उगीच कशाला हे खूळ, आई?" मुलगा गोपाळराव वैतागला. आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दोन महिन्यांनी त्यांनी माहितीच्या कायद्याखाली अर्ज टाकला, की या दोन महिन्यांची तपासणीची वही दाखवा. कचेरी आधी म्हणाली, वही सापडत नाही. मग म्हणाली, ती गुप्त आहे. पाण्याची वही गुप्त, जणू तिच्यात तोफांचे नकाशेच होते! वरच्या साहेबाकडे अपील केलं, तिथेही टोलवाटोलवी. शेवटी प्रकरण बेंगळूरला माहिती आयोगाकडे गेलं आणि वही घेऊन हजर राहा, असं फर्मान सुटलं.

सुनावणीच्या आधी कचेरीतले इंजिनियर हयग्रीवराव घरी आले. तेही मराठी घरातलेच, म्हणून आवाजात जास्तच साखर होती.

"अंबक्का, तुमच्या घरला मोठ्या पाइपातून वेगळी लाईन ओढून देतो. तुळसीला परत काही व्हायचं नाही. तेवढा अर्ज मागे घ्या की."

अंबाबाईंची नजर आत वळली. आतल्या खोलीत तुळसी झोपली होती, हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. अशा वेळी कुठल्या आजीला मोह होणार नाही?

"बेडा," त्या शेवटी म्हणाल्या. "नको. माझ्या घरचं पाणी तुम्ही स्वच्छ कराल ओ. गल्लीतल्या बाकीच्या पोरांना वहीतलंच पाणी पाजणार ना?"

आयोगापुढे आयुक्तांनी वही उघडली. साठ दिवस, एकच शाई, एकच शेरा: स्वच्छ. अंबाबाईंनी पिशवीतून तुकडे काढून टेबलावर तारीखवार मांडले. बहुतेक मातकट, काही तांबूस, आणि चार कोरे. त्या चार दिवसांत पाइप फुटल्यामुळे गल्लीत थेंबभर पाणी आलं नव्हतं, तशी सूचना कचेरीनेच भिंतीवर चिकटवली होती. वहीत मात्र चारही दिवस नळाचं पाणी तपासून पास झालेलं होतं.

"कुठल्या नळाचं?" आयुक्तांनी विचारलं.

हयग्रीवराव वहीची पानं उलटू लागले. हुकूम झाला, की रोजच्या तपासणीचा निकाल गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लिहायचा आणि मागेल त्याला वही दाखवायची.

पहिल्याच सकाळी फळ्याभोवती ही गर्दी. वर लिहिलं होतं: पाणी पिण्यायोग्य नाही, उकळून प्या.

शेजारच्या गुंडुरावांनी कपाळाला हात लावला. "एवढं भांडून मिळवलं काय, अंबक्का? पाणी घाणच की!"

"घाणच आहे," अंबाबाई म्हणाल्या. "पण आज तसं लिहिलंय तरी."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. घरी येऊन त्यांनी तुळसीसाठी पातेलं चुलीवर ठेवलं. त्या सकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरात पाणी उकळत होतं.