खिळ्यांचं रीळ

आमच्या धाकट्या भाऊजींचा डावा हात कामाच्या वेळी कायम पँटच्या खिशात असायचा. कामरगावात त्यांना सगळे 'एकहाती' म्हणत. ते वीज खात्यात लाइनमन होते. घरातला साधा दिवा दुरुस्त करतानाही आधी डावा हात खिशात जाई, मग उजवा पुढे येई. मी नवी नवरी असताना विचारलं, तर म्हणाले, "वयनी, करंट एका हातानं शिरते अन् दुसऱ्या हातानं निंगते. मंधात काळीज असते. एक हात खिशात ठेवला का त्याले रस्ताच नाई."

हे ऐकल्यावर मी आठ दिवस बटणाला हात लावला नाही. मानोऱ्याला माझ्या माहेरी कंदील होता, आणि कंदिलानं कुणाचं काळीज धरल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्यात भाऊजींनी ते रीळ बनवलं. सुताराकडून कातून आणलेला बाभळीचा वीतभर जाड ओंडका, त्यावर छिद्रांच्या तीन रांगा. एक अंगणातल्या दिव्याची, एक रेडिओची, एक विहिरीवरच्या मोटरीची. जुन्या पंख्याची मोटर आणि घड्याळांची दातेरी चाकं लावून ते इतकं हळू फिरवलेलं, की एका फेरीला बरोबर एक दिवस लागे. छिद्रात खिळा बसवला, की तो आपल्या वेळेला खालची पट्टी दाबी आणि ती वस्तू चालू होई. दुसरा खिळा येऊन बंद करी. खिळे कुठे बसवायचे हे ज्याचं त्यानं ठरवायचं. भाऊजी अभिमानानं म्हणत, "यंत्र माह्यं, हुकूम तुमचा."

सासूबाईंनी आपल्या हातानं शेतीच्या कार्यक्रमाचा खिळा बसवला. शेजारची काकू एकदा विरजण मागायला आली. घरात कुणी नसताना दिवा लागला आणि रेडिओ बोलू लागला. वाटी तिथंच टाकून ती जी पळाली, ती दिवाळीपर्यंत आमच्या दारात आली नाही. सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही. मला तिचं पटलं होतं. जाता-येता मी त्या रिळाकडे चोरून बघत असे, गोठ्यात साप दिसून गेल्यावर माणूस बघतो तशी.

रिळात एक खोट होती. लाईट गेली की तेही थांबे. लाईट आल्यावर घड्याळ बघून ते हातानं पुढे सरकवावं लागे. भाऊजी नाहीतर आमचे हे ते काम करत. मी करणं शक्यच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एकदा सकाळी सातच्या जरा आधी लाईट गेली. कारंजाकडे तार तुटली होती, भाऊजी तिकडे गेले. अकराच्या सुमारास आमचे हे विहिरीत उतरले. मोटर आत कपारीवर बसवलेली, तिच्या वायरचा जोड जळाला होता. मी म्हटलं, मेन बंद करा. ते म्हणाले, "लाईट कुठी हाय? अन् मोटरीचा खिळा सातचा. अकरा वाजून राह्यले, तू कायले भेते?"

मी घरात आले आणि अंगणातला पहाटेचा दिवा पुन्हा लागला. लाईट आली होती. माझी नजर रिळावर गेली. घड्याळात अकरा वाजून गेले होते, पण रिळावर अजून सात वाजायचे होते. मोटरीचा खिळा पट्टीपासून तांदळाच्या दाण्याएवढा लांब होता आणि रीळ फिरू लागलं होतं.

विहिरीपर्यंत हाक पोचली नसती. मेन बंद करायचं सुचलंच नाही. लुगड्याला खिसा कुठला? डावा हात कमरेशी पदरात घट्ट खोचला, डोळे मिटले आणि उजव्या हातानं तो खिळा उपसून काढला. मग विहिरीकडे धावले. हे खाली उघड्या तारा हातात धरून गुणगुणत होते. लाईट आल्याचं त्यांना माहीतही नव्हतं.

दुपारी भाऊजी हसत आले. तुटलेली तार त्यांनीच जोडली होती. विचारू लागले, आली का नाही लाईट लवकर? मी मूठ उघडून खिळा दाखवला आणि झालेलं सांगितलं. ते तडक रिळाकडे गेले आणि एकेक करून सगळे खिळे काढले. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचे दोन्ही हात कामाला लागलेले पाहिले.

"वयनी," ते म्हणाले, "आमी सगळे त्याच्या भरोशावर होतो. तुमी भेत होत्या, म्हनून पायत होत्या."

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुण्याला लेकीच्या घरी दिवे, पंखे, पाण्याची मोटर सगळं फोनवर चालतं. वेळा ती आणि जावई मिळून बसवतात. "आई, घाबरू नको, सगळं आपोआप होतं," असं ती मला सांगते. मी बरं म्हणते. पण टाकी धुवायला माणूस आत उतरला, की मी उन्हातान्हात गच्चीवर जाऊन बसते. डावा हात पदरात खोचून तो वर येईपर्यंत मोटरीच्या बटणाकडे बघत राहते.