धाकटीने काळा घ्यावा की चंदेरी

…आणि दुकानदाराने दोन्ही कॅमेरे काचेवर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा धाकटीने आधी रुमालाला हात पुसले. काल इथवर सांगितलं आणि माझा डोळा लागला. वय झालं, दुसरं काय! पण ही गोष्ट पोटात ठेवून आणखी एक दिवस काढणं माझ्याच्याने होणार नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण. वय वर्षं अठ्ठावन्न, पण आमच्या घरात ती धाकटीच. बाकी सगळे तिला फोटोआत्या म्हणतात. साखरपुड्याचे, बारशाचे, ओळखपत्राचे, शाळेतल्या वर्गांचे, सगळे फोटो तिनेच काढायचे. फोटो काढताना ती "एक, दोन" एवढंच म्हणते आणि दोनलाच बटण दाबते. तीन म्हटलं की माणूस बाहुल्यासारखा ताठ होतो, असं तिचं शास्त्र.

तर ते दोन कॅमेरे. अगदी जुळे भाऊ! आतलं यंत्र तेच, भिंग तेच, वजनही तेच. एक काळाकुळकुळीत आणि दुसरा वरच्या अंगाने चंदेरी, घासून ठेवलेल्या पातेल्यासारखा. मी म्हटलं, "यात निवडायचं काय? डोळे मीट आणि एक उचल." तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लग्नाच्या मुलीला म्हणालो होतो की नवरा काय, कुठलाही चालतो.

तिचंही बरोबर होतं. धाकटीने सतरा वर्षं एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत काढली. काम काय, तर निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि सुईसारख्या पेन्सिलीने लोकांच्या सुरकुत्या, देवीचे व्रण, मुरमं घालवायची. अर्धं गाव तिने देखणं केलं! आणि पुढच्या खोलीत मालकांचा कॅमेरा. काळा. त्याला हात लावायची सोय नव्हती. एकदा पट्टा सरळ करायला गेली तर मालक म्हणाले, "बाई, तुमचं काम पेन्सिलीचं." ते तिच्या जिव्हारी लागलं. स्टुडिओ बंद झाल्यावर तिने कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेतला, धड काळा नाही, धड राखाडी, झिजून झिजून बटाट्याच्या सालाच्या रंगाचा झालेला. त्यावर इतकी वर्षं रेटलं. मागच्या आठवड्यात त्याचं शटर अडकलं ते अडकलंच. तेव्हा काळा घ्यायचा, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. दुकानात ती नुसती मान डोलवायला आली होती.

दुकानदारही तेच म्हणाला. "आत्या, धंद्याची माणसं काळाच घेतात. चंदेरी म्हणजे सहलीला जाणाऱ्यांचा."

"बांधा काळा," धाकटी म्हणाली. "पण आधी चार फोटो काढून बघते."

आता दुसऱ्या दिवशी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कर्णबधिर मुलांच्या शाळेत वर्गाचा फोटो होता. अकरा मुलं. ती इवलीशी होती, नाकं पुसायची अक्कल नव्हती, तेव्हापासून धाकटी दरवर्षी त्यांचा फोटो काढते. सात वर्षं! आणि सात वर्षांत एकही फोटो असा नाही, की अकराही जण कॅमेऱ्यात बघताहेत. कसे बघतील? तिचं "एक, दोन" त्यांना ऐकू येत नाही. शिवाय तोंड कॅमेऱ्यामागे, म्हणजे ओठही दिसत नाहीत. मग त्यांच्या मोठ्या बाई शेजारी उभ्या राहून हात हलवतात, 'तिकडे बघा' अशी खूण करतात, आणि पोरं बघतात कुठे? बाईंच्या हाताकडे! कारण हातच त्यांच्याशी बोलतो ना. सात फोटोंत सगळी पोरं अशी बाजूला बघताहेत, जणू तिकडून बैल येतोय. या वर्षी ती अकरा जणं शाळा सोडून वेगवेगळ्या गावी जाणार. म्हणजे हा शेवटचा फोटो. धाकटी आठवडाभर जेवताना घास हातात धरून बसायची.

तर दुकानात तिने काळा कॅमेरा घेतला आणि चंदेरी माझ्या हातात कोंबला. "हा धर, पाडू नकोस." मी दारात उभा. मग तिने दुकानदाराचा फोटो काढला, चहा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोचा काढला, बॅटऱ्या घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याचा काढला. माझ्याएवढाच असेल, पण त्याला म्हातारा म्हणायला हरकत नाही. मग तिने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दादा, तू काय करत होतास?"

"मी कशाला काय करू? उभा होतो."

"हातात काय होतं?"

"तूच दिलंस ना!"

"हलवत होतास?"

आता पट्टा बोटाला अडकवून मी जरा झुलवला असेन. नुसतं उभं राहिलं की हात कुणाचा स्वस्थ राहतो? पण तिने मला ओढून फोटो दाखवले. दुकानदार बाजूला बघतोय. बायको बाजूला बघतेय. म्हातारा तर मान वळवून बघतोय. सगळे माझ्याकडे! मी म्हटलं, "अजून आहे हो चेहऱ्यात काहीतरी." दुकानदाराची बायको फिसकन हसली.

"तुझ्याकडे नाही रे," धाकटी म्हणाली. "याच्याकडे." आणि तिने चंदेरी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. दारातलं ऊन त्याच्यावर पडत होतं आणि मी झुलवला की भिंतीवर लख्ख कवडसा नाचत होता.

मग काय, तिच्या अंगात संचारलं! काळा माझ्या हातात, चंदेरी तिच्या. सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. "कुणी बोलायचं नाही. मीही बोलणार नाही. तिकडे तोंड करून उभे राहा." सगळे कॅलेंडरकडे तोंड करून उभे. तिने कॅमेरा उन्हात जरासा फिरवला. कवडसा कॅलेंडरवरून सरकत गेला आणि एकेक मान त्याच्यामागे वळत वळत थेट तिच्याकडे! खटॅक्. बॅटरीवाल्याने तर विचारलं, "पुन्हा करता का?"

पण नंतर ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठेना. मांडीवर काळा, काउंटरवर चंदेरी. काळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. मी तिचा भाऊ आहे, मला ठाऊक होतं ती कुठे पोचली होती. मागच्या खोलीत, खालून दिवा लावलेल्या काचेपाशी.

दुकानदार हळूच म्हणाला, "आत्या, उद्या एखाद्या मोठ्या लग्नाचं काम आलं आणि तुम्ही हा खेळण्यासारखा कॅमेरा काढलात, तर लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की. त्यांना म्हणता येतं," धाकटी म्हणाली, आणि काळा कॅमेरा तिने दोन्ही हातांनी, तान्हं पोर परत द्यावं तसा, त्याच्या हातात दिला. "चंदेरी बांधा. आणि लवकर बांधा, नाहीतर माझं मन फिरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण असं काही असताना घरी बसणारा मी नव्हे. शाळेचं अंगण. अकरा जणं पायऱ्यांवर दोन रांगांत. केस ओले करून चापून बसवलेले, एकाला मिसरूड फुटलेलं. हातांनी त्यांच्या अशा काही गप्पा चालल्या होत्या, की बघूनच माझे कान बधिर झाले! मोठ्या बाई सवयीने धाकटीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. धाकटीने त्यांना हात जोडले. "बाई, आज तुम्ही त्यांच्या मागे जा. आणि हात पाठीमागे बांधून."

सगळं जमलं, आणि माशी शिंकली कुठे? उन्हात! समोर, पोरांच्या पाठीमागे, शाळेची दुमजली इमारत. तिची सावली अंगणभर. ऊन होतं, पण धाकटीच्या डोक्याच्या हातभर वरून जात होतं. कॅमेरा डोळ्याला लावला की चांदी नुसती मुकाट. पोरं आपापल्या गप्पांत. एक चिमणीकडे बघतोय, दोघी एकमेकींच्या वेण्या बघताहेत. अर्ध्या तासाने सगळ्यांना एसटीच्या स्टँडवर नेणारी गाडी सुटायची होती. मी म्हटलं, "स्टूल आणू?" स्टूल डुगडुगतं निघालं. धाकटी एका पायावर वळली, वर बघितलं, पुन्हा पोरांकडे बघितलं.

आणि तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. कॅमेरा डोळ्यापासून काढला, दोन्ही हात डोक्याच्या वर ताठ केले, टाचा उचलल्या. कॅमेऱ्याला ऊन लागलं! लख्खकन कवडसा पायऱ्यांवर उतरला, एकाच्या शर्टावरून दुसरीच्या वेणीवर, तिथून मिसरूडवाल्याच्या नाकावर. पोरांचे हात थांबले. सगळ्या माना वर झाल्या. कॅमेऱ्याच्या खाली धाकटीचा चेहरा उघडा होता आणि तिचे ओठ अगदी स्वच्छ म्हणाले, "एक, दोन." त्यांना ते दिसलं! मी बघितलं, दोघातिघांचे ओठसुद्धा तिच्याबरोबर हलले. आणि तिने न बघता, आंधळ्यासारखं, बटण दाबलं.

मग आम्ही तिघं पडद्यावर वाकलो. मी मोजले. पुन्हा मोजले. अकरा चेहरे, बावीस डोळे, सगळे समोर! मी ओरडलोच, आणि तिथे ओरडून कुणाला त्रास होणार नव्हता. फोटो मात्र चांगलाच कलला होता. पायऱ्या उताराला लागलेल्या, पाण्याचा नळ आडवा आलेला, कोपऱ्यातल्या मुलीच्या बुटाचं टोक कापलेलं. धाकटीच्या सुईसारख्या नजरेला ते दिसलं नसेल असं होणंच नाही.

मोठ्या बाईंनी डोळे पुसले, पण त्या शेवटी मोठ्या बाई. म्हणाल्या, "आत्या, फारच सुंदर. फक्त जरा तिरका आलाय. पोरं उभीच आहेत, आणखी एक घेता का, सरळ?"

धाकटीने कॅमेरा गळ्यात घातला आणि म्हणाली, "नको हो बाई. तिरकं मी धरलंय, ते मी घरी बसून सरळ करीन. पण पुन्हा बघा म्हटलं, की पोरांना वाटेल पहिल्यांदा आपलंच काहीतरी चुकलं. आणि एकाचंही चुकलेलं नाही. सोडा त्यांना खेळायला."