शेजारच्या चुलीला लागलेल्या कोंबड्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी थोरल्या वहिनीचं नाव घेतो. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आमच्या घरात तोवर कोणी मॅट्रिकपर्यंतही गेलं नव्हतं. मला शेतात घ्यायचं ठरत होतं, तेव्हा घरात नवी आलेली ही मुलगी पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलली आणि मी तालुक्याच्या हायस्कुलात गेलो. परीक्षेच्या दिवसांत तिच्या कोंबडीचं एक अंडं माझ्या ताटात असायचं. तिच्या ताटात काय असायचं ते मला आठवत नाही, कारण ती आमच्यानंतर जेवायची.

पदवी मिळाली, मुंबईत नोकरी लागली, मुलुंडला चौथ्या मजल्यावर भाड्याची जागा घेतली. वहिनी तिथे एकदा आली आणि लगेच परत गेली. खिडकीला जाळी बघून तिचा जीव घाबरा झाला. गेल्या वर्षी बायकोची बदली बोरिवलीच्या शाळेत झाली आणि आम्हाला गावठाणात एक बैठं घर मिळालं. मागे थोडी मोकळी जागा, फणसाचं एक झाड, मधे कमरेएवढी भिंत आणि पलीकडे घरमालकीण. ती मराठी बोलणारी, इथलीच म्हातारी ख्रिस्ती बाई. सगळं गावठाण तिला बाय म्हणतं.

जागा बघताच माझ्या मनात आलं की इथे कोंबड्या पाळायच्या आणि त्यांचं पहिलं अंडं वहिनीला खायला घालायचं. माझ्या घरातलं, माझ्या खुराड्यातलं, आणि ते तिने बसून खायचं. फोनवर तिला म्हटलं, येताना गावठी तलंगा घेऊन ये. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. ती तीन तलंगा टोपलीत घालून, वर जुनी साडी बांधून, एसटीने आली. म्हणाली, ह्या अंड्यावर येईपर्यंत राहते, भातकापणीच्या आत मला पोचलं पाहिजे. मी खूश झालो. कोंबड्यांनी घाई करू नये असंही मला वाटून गेलं.

खुराडं मी सुताराकडून करून घेतलं होतं, वर पत्रा, आत बसायला दांडी. वहिनीने ते वाकून पाहिलं, चांगलं आहे म्हणाली, आणि मग विचारलं, चूल कुठे आहे. आमच्याकडे चूल कुठून असणार?

"चुलीभोवती फिरवल्याशिवाय कोंबडी घराक लागना नाय," ती म्हणाली. आमच्या गावची ही रीत मी विसरून गेलो होतो. नवी कोंबडी आणली की तिला उराशी धरून चुलीभोवती फिरवायचं, मग ती दुसरीकडे जात नाही. आमचा गॅस ओट्यावर, ओटा भिंतीला चिकटलेला. त्याच्याभोवती कोण कसं फिरणार? मी म्हटलं, सिलिंडरभोवती फिरव. ती पदर तोंडाला लावून हसली.

हे बोलणं भिंतीपलीकडून बायने ऐकलं. तिच्या मागच्या अंगणात मोठी चूल आहे. तिच्यावर ती अंघोळीचं पाणी तापवते, आणि उन्हाळ्यात सगळ्या नात्यागोत्याचा मसाला तिथेच भाजला जातो. तिने वहिनीला हाक मारली. वहिनी एकेक तलंग घेऊन पलीकडे गेली आणि तिन्ही कोंबड्यांना तिथे फिरवून आली. मी भिंतीशी उभा राहून बघत होतो. तेव्हा मला काही वाटलं नाही.

पहिले काही दिवस कोंबड्या कोंडूनच ठेवल्या. वहिनी त्यांना हळदीचं पाणी द्यायची, तांदळाची कणी टाकायची, संध्याकाळी दांडीवर हाताने बसवायची. बायने तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या कुटून दिल्या, अंड्याचं कवच टणक होतं म्हणून. हळूहळू त्यांचे तुरे लाल व्हायला लागले. पाठीवर हात ठेवला की त्या दबून बसायला लागल्या. वहिनी म्हणाली, आता अंड्यावर आल्याच. खुराड्याच्या कोपऱ्यात तिने पेंढ्याची बैठक केली आणि दार उघडलं.

तिन्ही कोंबड्या बाहेर आल्या, अंगणभर बघितलं आणि भिंतीवर उडी मारून बायकडे गेल्या. चुलीशेजारी सरपणाचा ढीग होता, त्याच्याभोवती त्या उकरत बसल्या. संध्याकाळी वहिनीने एकेकीला धरून आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुताराचं खुराडं त्यांना फक्त झोपायला हवं होतं.

आणि कोंबड्यांच्या मागे वहिनी गेली. मी ऑफिसातून यायचो तेव्हा ती पलीकडे असायची. दोघी चुलीपुढे बसलेल्या, एकीच्या हातात सुपातले तांदूळ, दुसरीच्या हातात मासळी. वहिनी मोठ्याने हसत असायची. ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी दिसलो की ती पदर सावरून उठायची आणि विचारायची, भावजी, चहा टाकू? जणू साहेब आला. मला चहा नको असायचा. तिने उठू नये असं वाटायचं, आणि उठली नाही तर तेही आवडलं नसतं.

मी बायवर जळत होतो, हे लिहायला सोपं नाही. तिने भाडं वाढवलं नाही, पावसात आमचे कपडे काढून ठेवले, तिच्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी भिंतीबद्दल बोलायला लागलो. भिंतीवर जाळी लावून घ्यावी म्हणजे कोंबड्या जाणार नाहीत, असं एका रविवारी मी बायकोला सांगितलं.

"कोंबड्यांसाठी जाळी की वहिनींसाठी?" ती म्हणाली. "तू ना, चक्क जळतोयस. एका म्हातारीवर."

त्याच दुपारी बायने भिंतीवरून मला विचारलं, "पोरा, तुझी वहिनी जात्यावरची गाणी काय गोड म्हणते, तू ऐकलीस ना?" मी हो म्हटलं. मी ऐकली नव्हती. आमच्याकडे गिरणीतून पीठ यायला लागलं तेव्हा मी शाळेत होतो, त्याआधीची गाणी असतील तर मी झोपेत असेन. या बाईची तिच्याशी ओळख होऊन किती दिवस झाले होते, आणि तिच्याकडे माझ्या वहिनीची गाणी होती. माझ्याकडे उपकार होते.

पहिलं अंडं सरपणाच्या ढिगात मिळालं. मला ते कळलं संध्याकाळी, घरी आल्यावर. भिंतीशी गेलो तर वहिनी बायच्या पाटावर बसली होती आणि हातातल्या बशीत तव्यावरचं अंडं होतं, वर बायचा लाल मसाला. ती सावकाश खात होती. मला बघून या वेळी ती उठली नाही.

"भावजी, तुमचां अर्धां झाकून ठेवलंय," ती म्हणाली.

मी सांगितलं की बाहेर खाऊन आलोय, भूक नाही. घरात आलो आणि पंख्याखाली बसलो. इतके दिवस जे मनात धरून होतो ते घडलं होतं, फक्त भिंतीच्या पलीकडे. ते अर्धं अंडं नंतर बायकोने खाल्लं. छान होतं म्हणाली.

वहिनी ठरल्याप्रमाणे कापणीला गेली. निघताना बायने तिला मसाल्याची बाटली दिली आणि दोघी दारात बराच वेळ हात धरून उभ्या होत्या. मी रिक्षात बॅग घेऊन बसलो होतो.

त्यानंतर कोंबड्या रोज बायकडे अंडी घालायच्या आणि बाय ती रोज भिंतीवर आणून ठेवायची, एकही कमी नाही. एकदा ती ठेवताना म्हणाली, "पहिलं अंडं खाल्लं ना तिनं, तेव्हा म्हणाली, लग्न झाल्यापासून गरम अंडं बसून पहिल्यांदा खाते. मी विचारलं, मग तुझ्या कोंबड्यांची अंडी कोण खायचं? तर तुझं नाव घेऊन हसली."

मी विचारलं, अजून काय म्हणाली. बाय म्हणाली, "ते तिला विचार ना रे."

पुढच्या रविवारी मी फणसाखाली तीन विटांची चूल मांडली. पहिल्यांदा नुसता धूर झाला आणि बायको खोकत घरात गेली. बायने भिंतीवरून सुकी करवंटी टाकली, मग पेटली. मी कोंबड्यांना एकेक करून उराशी धरलं आणि फिरवलं. एकीने शर्ट खराब केला. दोघी दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीवरून गेल्या. तिसरी, तांबडी, राहिली. काही दिवसांनी ती पेंढ्यावर बसलेली दिसली.

वहिनीला मी पत्रच पाठवतो. फोन केला की दादा स्पीकर लावतो आणि सगळं घर ऐकतं. पत्र ती एकटी वाचते, दारातल्या ओट्यावर बसून, ओळीखाली बोट धरून. त्या दिवशी हे पत्र पाठवलं:

"प्रिय वहिनी,

तांबडीने आपल्या खुराड्यात अंडं घातलं. बाकीच्या दोघी अजून बायच्याच आहेत, आणि राहोत. अंगणात चूल मांडली आहे. जरा वाकडी झाली, तू आलीस की नीट कर.

हे अंडं तुझ्यासाठी ठेवायचं होतं, पण टिकणार नाही, म्हणून बायला दिलं. तिने अर्धं मला परत दिलं. या वेळी मी खाल्लं.

तुझे आभार मी प्रत्येक पत्रात मानतो. आज एक विचारायचं आहे. तू आमच्या घरात नवी आलीस तेव्हा तुला घर लागायला किती दिवस गेले? कोणाशी बोलायचीस? बायला तू सांगितलं असशील, पण मी तिला विचारलेलं नाही. मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. जात्यावरचं एखादं गाणं आठवत असेल तर तेही लिही. अक्षराची काळजी करू नकोस.

कापणी संपली की ये. दादाला चहा करता येतो, त्याचं भागेल. बायही विचारते आहे, पण आधी माझ्याकडे उतर.

तुझा,
भावजी"