ठरल्या जागी रडू

बायको कुसाबाई गेल्यापासून खंडेराव आव्हाड गप्पच झाले होते. ते रडलेसुद्धा नव्हते. माणसांत मिसळतील म्हणून मुलगी उज्वलाने त्यांना नाट्यगृहातल्या उन्हाळी अभिनयवर्गात घातलं. अंबडच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून ते संध्याकाळी तिथे जाऊ लागले.

एकदा विश्वेश सरांनी रिकामी खुर्ची मांडली आणि म्हणाले, "इथे तुमचं गेलेलं माणूस बसलंय. बोला त्याच्याशी."

खंडेराव खुर्चीसमोर उभे राहिले. "कुसे, मी दवाखान्याखाली चहा प्यायला गेलो अन् तू तेवढ्यात गेली. जरा थांबायचं नाय का," एवढं बोलून ते ढसाढसा रडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"समारोपाला हेच करायचं," सर म्हणाले. मग रोज तालीम झाली. कुठे थांबायचं, रडू कधी येऊ द्यायचं, ते सर सांगत गेले आणि खंडेराव शिकत गेले.

प्रयोगात रडू ठरल्या जागी आलं. प्रेक्षकांनी डोळे पुसले.

पडदा पडल्यावर खंडेराव सरांना म्हणाले, "सर, आता ते बोलताना मला आतून काहीच होत नाय."

सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "यालाच अभिनय म्हणतात, आव्हाड."

बाहेर उज्वला डोळे पुसत उभी होती. "आईची फार आठवण आली, दादा," ती म्हणाली. खंडेरावांनी मान खाली घातली आणि ते गाडीची किल्ली शोधू लागले.