ओंकार गोलात उभा राहिला त्या संध्याकाळी

किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. तालमीच्या कट्ट्यावर एखाद्या संध्याकाळी काहीतरी घडते, दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यात आपल्या पदरची भर घालतो, आणि आठवड्याभरात मूळ घटना किती व भर किती, हे ज्याच्या बाबतीत ती घडली त्यालाही सांगता येत नाही. म्हणून पुढे मी स्वतः पाहिले आणि ऐकले, तेवढेच लिहिण्याची खबरदारी घेतली आहे. कट्ट्यावरच्या मंडळींना हेच किस्से याहून बरेच मोठे ठाऊक आहेत. त्यांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. आणि कोठे कोणाची थट्टा झाल्यासारखी वाटली, तर ती एका ऋणी माणसाने केलेली थट्टा आहे, असे समजावे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ओंकार हा आमच्या पेठेतला, माझा शाळेपासूनचा मित्र. दूरच्या एका शहरातील व्यावसायिक फुटबॉल क्लबमध्ये तो गोलकीपर आहे. अधिक काटेकोरपणे सांगायचे तर राखीव गोलकीपर होता, आणि मागचे दोन्ही हंगाम त्याने बाकावर बसून काढले होते. त्याचे वडील सर्जेरावकाका यांचा गल्लीतच म्हशींचा गोठा आहे. संध्याकाळी धार काढली की लोक तेथेच कट्ट्यावर उभे राहून ताजे दूध पितात.

या खेपेला ओंकार निघाला तेव्हा काकांनी त्याला सर्वांसमक्ष बजावले होते, "दिवाळीपातूर खेळलास तर खेळलास. न्हायतर बॅग भरायची आन् सरळ गोठ्यात यायचं. माझं गुडघं आता ऐकंनात."

हंगामातला पहिला सामना क्लब हरला, तोही ओंकारशिवाय. त्यानंतर सरावात मुख्य गोलकीपरचा खांदा दुखावला, आणि दुसऱ्या सामन्याच्या दुपारी क्लबने जाहीर केलेल्या अकरा जणांत आमचा ओंकार होता!

* * *

ही बातमी कट्ट्यावर मीच नेली. तेथे दिनूअण्णा बसले होते. अण्णा म्हणजे तालमीच्या संघाचे एके काळचे सेंटर हाफ आणि आजचे सर्वाधिकारी. मी सांगितले, "ओंकारचे नाव आले आहे. मात्र प्रत्यक्ष सामना सुरू होईपर्यंत खात्रीने काही म्हणता येणार नाही."

अण्णांनी कपाळावर हात मारला.

"प्रोफेसर," ते म्हणाले (मी प्रोफेसर नाही, एमएस्सी झालो आहे एवढेच, पण कट्ट्यावर पदोन्नती लवकर मिळते), "तुझं लगीन झालं न्हवं, की दुसऱ्या दिवशी बी म्हणशील, बायको घरात दिसतीया, पण खात्री न्हाय!"

* * *

पेठेला एका दुपारीत परक्या क्लबचे समर्थक व्हायचे होते, आणि त्यात एक गंभीर अडचण निघाली. क्लबची जर्सी पोपटी होती.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. येथे प्रत्येक पेठेचा, प्रत्येक तालमीचा स्वतःचा संघ असतो आणि संघाचा रंग घराघरात पाळला जातो. पोपटी हा पलीकडच्या पेठेचा रंग! तिच्याशी आमचे वैर आमच्या आजोबांच्या काळापासूनचे. अण्णांच्या सुनेने माहेरून आणलेली पोपटी साडी पहिल्याच आठवड्यात माहेरी परत गेली होती.

"पोपट्याला सपोर्ट? मी?" अण्णा उठून उभेच राहिले. त्यांनी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि तोडगा काढून परत आले. "गोलकीपरची जर्सी येगळी असती. ओंकार पिवळ्यात हाय. मी फकस्त गोलकीपरला सपोर्ट करनार. बाकीच्या धा जणांचा आन् माझा संबंध न्हाय."

ते शब्दाला जागले. पुढे आपल्या क्लबचा गोल झाला तेव्हा सगळी तालीम नाचत होती आणि अण्णा हाताची घडी घालून खुर्चीत बसून होते.

फक्त त्यांची एक चप्पल उडून पडद्यापाशी जाऊन पडली होती. ती कशी, हे मी अद्याप विचारलेले नाही.

* * *

सामना दाखवण्याची जबाबदारी मिलिंदने घेतली. मिलिंद आमचाच वर्गमित्र. शाहूपुरीत एका ऑफिसात नोकरीला आहे. तो साहेबांच्या हातापाया पडून ऑफिसचा प्रोजेक्टर घेऊन आला. तालमीच्या आतल्या भिंतीवर पांढरी चादर ताणली, मोबाइल जोडला, चित्र आले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

इतक्यात अण्णा नारळ घेऊन आले. आमचा संघ मैदानावर निघताना उंबऱ्यावर नारळ फुटतो, ही रीत. पण हा संघ आमच्या उंबऱ्यावरून निघणारच नव्हता. मग नारळ फोडायचा कोठे? अण्णांच्या मते, जेथे संघ दिसेल तेथे.

"अण्णा, वायर हाय! करंट हाय! साहेब मला कामावरनं काढंल!" मिलिंद प्रोजेक्टरवर पालथा पडला.

अखेर तडजोड झाली. नारळ उंबऱ्यावरच फुटला आणि त्याचे पाणी अण्णांनी भक्तिभावाने चादरीवर शिंपडले. त्याचा एक मोठा ओला डाग नेमका ओंकारच्या गोलपोस्टच्या डाव्या कोपऱ्यावर पडला. पहिल्या हाफमध्ये चेंडू त्या बाजूला गेला की दिसेनासा होई, आणि ओंकारने तो अडवला की नाही हे समालोचकाच्या आवाजावरून ताडावे लागे.

मी तक्रार केली, तर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तितं देव बसलाय. तितनं गोल होत न्हाय."

झाला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. कारणाविषयी मी काही म्हणत नाही.

* * *

ओंकारची आई, मंगलकाकी, आयुष्यात प्रथमच तालमीत सामना पाहायला आल्या. त्यांना पुढची खुर्ची दिली आणि मंडळींच्या लक्षात आले की आपली पंचाईत झाली आहे. काकींसमोर शिवी देता येणार नव्हती, आणि शिवीशिवाय फुटबॉल कसा पाहतात, हे आमच्या पेठेत कोणालाच माहीत नव्हते!

पहिली वीस-पंचवीस मिनिटे तालमीत विलक्षण भाषा ऐकू आली. "अहो, पास द्या की!" "काय हे, बरं न्हवं हे!" एकाने तर रेफ्रीला "महाशय" म्हटले. सगळे घामाघूम झाले होते.

मग समोरच्या फॉरवर्डने चेंडू पकडून बसलेल्या ओंकारच्या हातावर सरळ बूट मारला आणि रेफ्रीने दुर्लक्ष केले. काकी खुर्चीतून उठल्या.

"आरं ए मुडद्या! डोळं काय गडमुडशिंगीच्या बाजारात इकून आलायस व्हय? माझ्या पोराचा हात हाय त्यो!"

गडमुडशिंगी हे काकींचे माहेर आहे. त्यामुळे त्या गावाचा उल्लेख त्यांनी अधिकाराने केला.

मग अण्णा मागे वळून म्हणाले, "चला, परवानगी मिळाली!"

* * *

हाफटाइमला गोलफलक कोरा होता आणि सर्जेरावकाका उठले. धारेची वेळ झाली होती. "म्हस काय एक्स्ट्रा टाइम देत न्हाय," एवढे म्हणून ते गोठ्याकडे गेले.

आणि ते गोठ्यात असताना आपला गोल झाला.

काका हात पुसत धावत आले. दारातच अण्णांनी त्यांना अडवले. आमच्या तालमीचा एक अलिखित नियम आहे: गोल होताना जो जेथे असेल, त्याने सामना संपेपर्यंत तेथेच राहायचे. बाहेर असलेला आत आला की नशीब बाहेर जाते.

"अण्णा, बाप हाय त्यो! बापाला तरी बघू द्या!" मिलिंद ओरडला.

मीही सांगून पाहिले की, काकांचे आत येणे आणि तेथे दूर गोल होणे या दोन घटनांमध्ये संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही.

"पुरावा हाय की," अण्णा म्हणाले. "त्यो भायेर गेला, गोल झाला. आजून कसला पुरावा पायजे?"

आम्ही आवाज चढवणार, इतक्यात काकाच उंबऱ्यापलीकडून म्हणाले, "भांडू नगासा. अण्णा बरोबर बोलतोय. पोरगं ऱ्हायलं पायजे तितं. मी हितंच बरा."

ज्या सामन्याची वाट त्यांनी दोन हंगाम पाहिली, तो चालू असताना ते पाठ फिरवून गोठ्याकडे निघून गेले. त्या वेळी मी अण्णांवर मनातून चिडलो होतो. मात्र नंतर पाहिले, अण्णा मधूनमधून दाराशी जाऊन काकांना मोठ्याने हकिगत सांगत होते: "सर्जा, धरला! सर्जा, पंच केला! सर्जा, सुखरूप हाय!" त्यासाठी त्यांना गुडघ्यावर हात ठेवून दर वेळी खुर्चीतून उठावे लागत होते.

* * *

आता एक तांत्रिक बाब. मोबाइलवरून दिसणारे चित्र घरच्या टीव्हीपेक्षा थोडे मागे चालते. टीव्हीवर घडून गेलेली गोष्ट आम्हाला जरा उशिरा दिसत होती. याचा आम्हाला काही त्रास नव्हता. शेवटची मिनिटे येईपर्यंत.

समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. एका गोलची आघाडी, सामना संपत आलेला, आणि गोलात एकटा ओंकार. चादरीवर त्यांचा खेळाडू चेंडू ठेवत होता.

तेवढ्यात पलीकडच्या पेठेतून प्रचंड आरोळी उठली! शिट्ट्या, पत्र्यावर काठ्या, फटाक्यांची माळ!

आमच्या चादरीवर तो खेळाडू अजून मागे सरत होता.

ती पेठ हा सामना घरोघरी टीव्हीवर पाहत असेल, हे आमच्या गावीही नव्हते. पण तो आवाज आमच्या चांगल्या ओळखीचा होता. तालमीच्या संघात असताना ओंकारने गोल खाल्ला की त्या बाजूने असाच आवाज उठायचा.

"गेली," मिलिंद पुटपुटला. मंगलकाकींनी पदर तोंडावर घेतला. कोणी पडद्याकडे पाहीना. मी मात्र पाहत होतो. नेमके काय घडले ते कळल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही माझी जुनी खोड.

खेळाडू धावत आला. मारला. ओंकार उजवीकडे झेपावला आणि दोन्ही हातांनी चेंडू छातीशी घेऊन आडवा पडून राहिला.

"धरला," मी म्हणालो. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. "अण्णा, खात्रीने सांगतो, धरला!"

तालीम वेडी झाली. मिलिंद रडत होता, काकी सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. अण्णा तेवढे दाराशी जाऊन पलीकडच्या पेठेकडे पाहत होते. ते म्हणाले, "म्हंजे ती पोपटी बेणी... आपल्या पोरासाठनं वरडत हुती?"

* * *

शिट्टी वाजली, आम्ही जिंकलो, आणि गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला. पलीकडच्या पेठेची मंडळी! आमच्यातले काही जण सवयीने बाह्या सरसावून बाहेर आले.

त्यांचा कॅप्टन खाली उतरला. गुलालाने माखलेला होता. तो सरळ गोठ्यापाशी उभ्या असलेल्या सर्जेरावकाकांकडे गेला.

"काका, तुमच्या पोरानं मागं माझी पेनल्टी धरली हुती. लय शिव्या घातल्या हुत्या मी त्याला. तवा वाटलं हुतं, त्याचं नशीब." त्याने कपाळावरचा गुलाल पुसला. "आज कळालं. त्यो कुणालाच सोडत न्हाय."

काकांनी त्याच्याकडे एकवार पाहिले आणि दुधाचा पेला त्याच्या हातात दिला. "घ्या पावणं."

एका गल्लीपलीकडून आलेल्या माणसाला पावणं म्हटलेले मी प्रथमच ऐकले. मग त्या सगळ्यांनी आमच्या कट्ट्यावर उभे राहून दूध घेतले, आणि अण्णा प्रत्येकाला "आजून घ्या, लाजू नका" म्हणत फिरत होते. पोपटी सदऱ्यातल्या एकाच्या मिशीवरचा फेस त्यांनी स्वतःच्या पंच्याने पुसला!

* * *

दिवेलागणीला ओंकारचा फोन आला. काकींनी स्पीकर लावला. सगळी गल्ली कान देऊन उभी.

"आबा, मॅच बघितलीसा?"

"ऐकली," काका म्हणाले. "अण्णानं सांगितली."

"आबा, कोच म्हणालेत, आता म्होरल्या मॅचला बी मीच. मेन कीपरचा खांदा बरा झाला, तरी बी मीच." तो जरा अडखळला. "मग... दिवाळीचं काय करू?"

काकांनी हातातला पेला कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाले, "हात दुखतोय काय, ज्यावर बूट मारला त्यो?"

"न्हाय."

"बरं. शेक तरीबी." आणि फोन काकींच्या हातात देऊन ते आत गेले.

गुलाल उधळला जात होता, हलगी आली होती. काका दिसेनात म्हणून त्यांना शोधत मी गोठ्याच्या दाराशी गेलो. आत ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी आल्याचे त्यांना कळले नाही.

"त्यो न्हाय यायचा," ते तिला सांगत होते. "जरा सर तिकडं, बसू दे मला."